तिसरी पेटुली

मोतीराम वाढई म्हणाला, करायची तर सागाची कर,
साग सात पिढ्या टिकतो.
मला सात पिढ्या नको होत्या,
मला पाहिजे होते वीस दिवस.

वरूडला मंडईमागे संत्र्याची फुटकी खोकी पडून होती,
सात आणली, त्यातून चार पेटुल्या उभ्या राहिल्या.
फळ्यांना सालीचा वास,
एकीवर अजून कोण्या व्यापाऱ्याचं अर्धं नाव.

पेटी मोठी घेतली तर थोडक्या माश्या
पहाटेच्या गारठ्यात एका कोपऱ्यात आखडतात
आणि उरलेल्या अंधारात मेणकिडा संसार मांडतो.
फारच लहान घेतली तर भर दुपारी
सातेरी घर सोडून जाते, न सांगता,
मागे पांढरं मेण आणि मुंग्या.
सुकलाल भिलावेकर धारणीहून शिकवायला आला होता.
त्यानं इंच सांगितले नाहीत.
माझ्या हातांची ओंजळ करवली,
तीत ज्वारी ओतली, काठोकाठ.
"अशा दोन माश्या," म्हणाला,
"तुयाच ओंजळीच्या. माह्या नाई."

दिवाकरनं ट्रॉलीचा उरलेला तांबडा रंग आणला.
तांबडं तिला काळंच दिसतं, मी म्हटलं.
"मंग कुंकूबी काळंच का वो, वहिनी?"
बांधावरचे पोट्टे हसले. मीही हसले.
एकीच्या दारावर कपड्याची निळ फासली,
दुसरीवर चुना,
तिसरीवर हळद, तेलात कालवून,
चौथीवर पूर्वानं दप्तरातला चंदेरी कागद चिकटवला.
तोंडं चार दिशांना,
पाय जळक्या ऑइलच्या वाट्यांत.
निघताना ती दाराकडं तोंड करून
हवेत दोन-चार हेलकावे घेते,
तेवढ्यात घर ओळखीचं व्हावं.

लोक म्हणाले, पोरगी उजवायचीच तयारी ही.
मी काही बोलले नाही.
माझ्या लग्नात मला कुणी
घराकडं वळून नीट बघू दिलं नव्हतं.

राणीकोष शेंगदाण्याएवढा, टोक खाली.
आडवा होऊ न देता, श्वास धरून,
एकेक पेटुलीत एकेक लावला.

सहाव्या-सातव्या दिवशी दुपारी दोनला
आंबिया बहाराचा वास इतका दाट
की नरांचा आवाजही त्यात जड झाला.
विजेच्या तारेवर वेडे राघू. मी मोजले, नऊ.
ढेकूळ मारलं. नऊच्या नऊ उडाले
आणि तिथंच येऊन बसले.

मग थांबायचं. उघडायचं नाही.
हे सगळ्यात अवघड काम मला कुणी शिकवलं नाही.
हात पेटुलीकडं जायचा, मी तो तुरी पाखडायला लावायची.

विसाव्या दिवशी निळीच्या पेटुलीत
प्रत्येक घराच्या तळाशी एक अंडं, उभं,
शिवणीतून तुटलेल्या दोऱ्याएवढं.
चुन्याचीत तसंच. चंदेरीत जरा विरळ, पण होतं.
हळदीची, जिच्यावर मोतीरामनं न राहवून
स्वतः रंधा फिरवला होता,
तिच्यात अंडं नाही, राणी नाही.
नुसता आवाज, बेअरिंग गेलेल्या पंख्यासारखा.

संध्याकाळी चौथीचं झाकण काढलं,
वर पेपरचा एक ताव, खिळ्यानं भोकं पाडून,
त्यावर तळ काढलेली तिसरी.
तावावर संत्र्याचे भाव होते, गेल्या मंगळवारचे.
दोन दिवसांनी दारात कागदाचा भुसा.
भाव कुरतडत कुरतडत
खालच्या-वरच्या एक झाल्या होत्या.

मोतीराम येऊन बघून गेला.
सागाचं नाव काढलं नाही.
फळीवरून अंगठा फिरवला फक्त, दोनदा.

तिसरी आता उन्हात उलटी घातलीय.
हळद उडाली, तेलाचा डाग राहिला.
पुढच्या बहाराला तिचं तोंड कुठं करायचं
ते ठरलं नाही.
तारेपासून लांब, एवढं खरं.